ओट्यावरची दुसरी ओळ

१

ही गोष्ट अगदी खरी आहे. गळ्यातल्या क्रुसावर हात ठेवून सांगतो. आता, क्रूस सध्या गळ्यात नाही, साखळी तुटली म्हणून कपाटात पडलाय. पण हात मी बरोबर जागेवर ठेवलाय. गेल्या फेब्रुवारीत घडली. मार्च धरा हवं तर. तेव्हा मी तिथे एकटाच होतो असं मी वर्तकनगरातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगितलंय, तेही तितकंसं खरं नाही. पण गोष्ट खरी.

मी नेविल. वय छप्पन्न, विचारलंत तर पन्नास. छोटी-मोठी बांधकामं घेतो. संडास, शेड, कंपाउंडच्या भिंती, असलं. खाडीकाठच्या एका उद्यानात तंबू लावून राहायची जागा आहे, तिच्या सुधारणेचं काम माझ्याकडे आलेलं. उद्यानाचं नाव सांगत नाही, नाहीतर रविवारी पोरंबाळं घेऊन बघायला जाल. जुने संडास गळत होते आणि सगळी घाण सरळ पाणथळीत उतरत होती. दिवे असे भगभगीत की बगळ्यांना झोप नाही. तेव्हा ठरलं, संडास-बाथरूम वर रस्त्याच्या बाजूला न्यायचे, बंद टाकीचे. दिवे गुडघ्याएवढे, मंद. आणि तंबूंसाठी सहा पक्के ओटे.

‘पक्के’ म्हटल्याबरोबर व्हेनेसा उठून उभी राहिली. ही पाणथळीची तज्ज्ञ. तिशीची पोरगी, पायात गमबूट, हातात लाल झेंडे. तिने आधीच झेंडे रोवून एक रेघ आखली होती.

“अंकल, या रेघेच्या पलीकडे सिमेंटचा कणसुद्धा नको.”

“आणि ओटे सगळे पलीकडेच. मग तंबू काय हवेत लावू?”

“ते तुम्ही सांगा. कॉन्ट्रॅक्टर तुम्ही.”

मीटिंगमध्ये आठ माणसं बघत होती. मला अशा वेळी गप्प बसता येत नाही. म्हटलं, “अगं, माझ्या आजोबांचं मिठागर होतं. मिठागरात सिमेंट असतं का? चिखल पायांनी तुडवून तुडवून दगडासारखा करतात. उद्या खाडीने परत मागितला तर पुन्हा चिखलच.”

आजोबा रेल्वेत इंजिनात कोळसा टाकायचे. पण व्हेनेसाचे डोळे असे चमकले की मग माघार नाही.

“पुढच्या अमावास्येच्या उधाणाआधी वाळून कडक व्हायला हवेत,” ती म्हणाली. “नाहीतर सगळी माती पाण्यात जाईल, आणि मग मी काम बंद करीन. तुमचंही.”

२

आता तुडवणारा माणूस शोधणं आलं. मिठागरं गेली, मिठागरातली माणसं बिल्डिंगींची मालक झाली. चार ठिकाणी विचारल्यावर डोंबिवलीच्या मानपाड्याचा गोविंदा सापडला. सत्तरीचा आगरी म्हातारा, काटक, पायाचे पंजे फावड्यासारखे. मुलगा धनेश त्याला मोठ्या पांढऱ्या गाडीतून सोडायला आला.

“अंकल, घरी एसी आहे, झोपाळा आहे, आणि ह्यांना चिखल पाहिजे,” धनेश म्हणाला. “आई गेल्यापासून असंच चाललंय. जेवत नाहीत, बोलत नाहीत. तुमचा फोन आला आणि उठून बसले. काय जादू केलीत?”

“तू जा रे,” गोविंदा म्हणाला. “गाडी चिखलात रुतंल. मंग मनाच काढावी लागंल.”

काम त्याने मला असं शिकवलं. आधी ओट्याच्या चौकोनात ओली काळी माती पसरायची. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलाला पाऊल चिकटवून तुडवत जायचं, वळायचं, परत यायचं. सकाळी एकदा, दुपारी चारनंतर एकदा, पाच-सहा दिवस. दरम्यान कुणी ओट्यावर पाय ठेवायचा नाही.

“आन् हे जोडीचं काम हाय शेठ. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. नायतर घसरतो मानूस. एकट्यानं तुडवला तर ओटा एका अंगाला कलतो.”

“जोडी आणू कुठून? माझी तर तीन वर्षांपूर्वी वर गेली.”

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. “माजी दिवालीनंतर. सखुबाई. चालीस वर्सं ह्या खांद्यावर तिचा हात नाय, माजा हात तिच्या खांद्यावर. बुटकी व्हती ना. आन् खोड एक. कोपरा आला का टाच हानायची. अशी.” त्याने जमिनीवर उजवी टाच दोनदा आपटली. “कोपरा कच्चा ऱ्हातो बोलायची. सगल्या मिठागरात म्हाईत, टाचेचे दोन खड्डे दिसले का समजायचं, सखुबाईचा कोपरा.”

माझी लुर्दस माझ्यापेक्षा दोन इंच उंच होती. चर्चच्या पायरीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोत मी एक पायरी वर उभा आहे. सगळ्यांना सांगतो, फोटोग्राफरची आयडिया. रस्त्याने ती कायम चार पावलं पुढे चालायची आणि वळून म्हणायची, “आलास का रे?” आता जिन्यावरसुद्धा माझ्या पुढे कुणी चालत नाही. म्हणून मी हळूच चढतो.

३

पहिले चार ओटे सरळ झाले. गोविंदा एकटाच तुडवायचा, डावा हात हवेत छातीच्या उंचीला धरून, जणू कुंपणावर टेकवलाय. मला हसू यायचं. सवय आहे, म्हटलं. दात पडला तरी जीभ तिथे जातेच ना.

पाचवा ओटा सगळ्यात खाली, पाण्याच्या बाजूला. तिथून पुढे लव्हाळं आणि मग नुसता चिखल, त्यात भरतीचं पाणी आत-बाहेर. एका सकाळी मी गोविंदाच्या आधी पोचलो. आदल्या दुपारी त्याने तुडवलेली माती अजून मऊ होती आणि पावलं स्पष्ट होती. दोन ओळी होत्या.

दोन फेऱ्या मारल्या असतील, असं तुम्हीही म्हणाल. मीही म्हटलं. पण दुसऱ्या ओळीतली पावलं लहान. टेप काढून मोजली. गोविंदाचं पाऊल साडेदहा इंच. दुसरं पावणेनऊ. आणि दोन्ही ओळी शेजारीशेजारी, एका तालात, शाळेतल्या कवायतीसारख्या. ओट्यावर चढताना एकाच माणसाची पावलं. उतरताना एकाच माणसाची. मध्ये दोघं.

उद्यानाच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे. झाडलोट करणाऱ्या शालूला विचारलं, तू गेलेलीस का ओट्यावर?

“मी? त्या चिखलात? माझे सँडल बघितलेत का सर तुम्ही?” ती म्हणाली.

मग मी खाली वाकून कोपरा बघितला. तिथे टाचेचे दोन खड्डे होते. म्हाताऱ्याने माझी फिरकी घेतलीय, हे मला त्या क्षणी पक्कं समजलं. आयुष्यभर लोकांना थापा मारल्या, आता मला कुणीतरी गुरू भेटला. मला आनंदच झाला, खरं सांगतो.

४

त्याला पकडायचं म्हणून दुपारी मी साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसून राहिलो. केबिन म्हणजे एक डबा. एक खिडकी पाणथळीकडे, एक पंखा, एक टेबल. खिडकीतून पाचवा ओटा समोर दिसतो. चार वाजता गोविंदा उतरला. धोतर वर खोचलं, डावा हात धरला आणि सुरू.

मी अर्धा तास पापणी न हलवता बघितलं. एक माणूस. फक्त एक माणूस. हात हवेत. तो ओट्याच्या मधली अर्धी जागा सोडून एका कडेने चालत होता, एवढंच.

मग फोन वाजला आणि मी खिडकीकडे पाठ केली. टाइल्सवाला होता, फिकट टाइल संपल्यात, गडद चालतील का विचारत होता. मी त्याच्याशी भांडत असताना कानावर ओल्या मातीचा आवाज येत होता. पाय रुततो तेव्हा ‘चप्’, सुटतो तेव्हा ‘फळक्’. चप्, फळक्. आणि त्याच्या आत, अर्ध्या श्वासाच्या अंतराने, आणखी एक हलकं चप्, फळक्. हिशेब केला. चार पाय. वळलो. खिडकीत एक माणूस. पाठ केली. चार पाय.

टाइल्सवाल्याला म्हटलं, गडद लाव. फोन ठेवला.

गोविंदा हातपाय धुवायला वर गेला, तसा मी त्याच्या मागे बाथरूमकडे गेलो. नवीन ब्लॉक, अजून कुणी वापरला नव्हता, आतून सिमेंटचा गार वास येत होता. पुरुषांच्या बाजूला गोविंदा पाय धूत होता, खाकरत होता. बायकांच्या बाजूची कडी मी बाहेरून लावलेली. ती लावलेलीच होती. पण उंबऱ्यासमोरच्या कोऱ्या टाइल्सवर ओल्या चिखलाची पावलं होती, पावणेनऊ इंचांची. ती दारापर्यंत गेलेली. परत आलेली नव्हती.

आत नळ वाहत होता. धो-धो नाही. पाय धुताना माणूस सोडतो तेवढा, बारीक.

मी कडी काढली नाही. नळ बंद झाला. कुणीतरी बंद केल्यासारखा, दोन झटक्यांत, नीट पिळून. प्लंबिंग माझंच होतं. पाइपात हवा धरते, असं मी स्वतःला सांगितलं. गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगतो.

५

दुसऱ्या दिवशी गोविंदाच आपणहून बोलला. बांधावर बसून बिडी पेटवली.

“शेठ, तू बगितलंस ना.”

“काय?”

“आता मना काय विचारतंस. तुजं तोंड सांगतंय.”

मी विचारलं, “दिसते तुम्हाला?”

“नाय. बगायला वळलो का हाताखालून जाते. म्हनून वळत नाय.” त्याने बिडीची राख झटकली. “घरात नाय येत रे. फरशीवर कशी येल? टाइल, मार्बल, सगला कडक. पायाला वला चिखल हाय तवर चार पावलं चालंल, सुकला का गेली. तिला मऊ लागतं पायाखाली. पयल्या चार ओट्यांवर नाय आली. हा पान्याजवलचा. हितं आली.”

मग त्याने जे मागितलं ते साधं होतं. पाचवा ओटा त्याने वाळू द्यायचा नाही. रोज थोडं पाणी मारायचं, रोज तुडवायचं. ओटा कडक झाला की पाऊल उमटणार नाही, आणि पाऊल उमटलं नाही की ती येणार नाही.

“अमावास्या दहा दिवसांवर आहे. व्हेनेसा काम बंद करेल,” मी म्हटलं.

“चार दिवस दे. चार दिवसांनी मीच वालवतो. तिला सांगून घेतो. गेली तवा सांगायला टाइम नाय भेटला.”

मी चार दिवस दिले. इथे मी फार मोठ्या मनाचा वाटतो, म्हणून लगेच सांगून टाकतो. मला ते चार दिवस माझ्यासाठी हवे होते. सहावा ओटा बाजूलाच होता. माती पसरून तयार, ओली, पाण्यापासून तेवढीच जवळ. आणि हात मलाही होता.

६

गोविंदा जेवायला गेला तेव्हा मी बूट-मोजे काढले. भर दुपार, ऊन डोक्यावर. व्हेनेसाने विचारलं असतं तर सांगणार होतो, घाई आहे म्हणून मीही हातभार लावतोय.

चिखल वरून गरम आणि खाली गार. घोट्यापर्यंत गेलो. डावा हात उचलला आणि वर धरला, माझ्या हनुवटीच्या उंचीला, कारण लुर्दसचा खांदा तिथे यायचा. स्वतःचंच हसू आलं. रिक्षा थांबवणाऱ्या माणसासारखा दिसत असणार.

एक फेरी. काही नाही. दुसरी फेरी. खाडीवरून वारा आला, रोहित पक्ष्यांचा घोळका कुरकुरत एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकला. तिसऱ्या फेरीला मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, “लुर्दस, आलीस का गं?”

हात दुखायला लागला म्हणून खाली आला. आपोआप आला, छातीच्या उंचीला. आणि तिथे टेकला.

ओलं कापड. त्याखाली ऊब. त्याखाली खांद्याचं हाड, काम करणाऱ्या माणसाच्या श्वासाबरोबर वर-खाली होणारं. मी वळलो नाही. खाली मात्र बघितलं. माझ्या पावलाशेजारी चिखल आपोआप दबला, बोटं फाकली, खड्ड्यात पाणी भरलं. मग ते पाणी पुढच्या पावलाच्या जोराने बाहेर फेकलं गेलं, आणि क्षणभर, एकच क्षण, मला टाच दिसली. भेगाळलेली, भेगांत पांढरं मीठ.

माझ्या लुर्दसच्या पायाला भेगा नव्हत्या. ती रोज व्हॅसलीन लावून मोजे घालून झोपायची.

ओट्याचं टोक आलं. माझ्या हाताखालचा खांदा थांबला, आणि कोपऱ्यात दोनदा आवाज आला. धप्. धप्.

मी हात काढला आणि उघड्या पायांनी केबिनपर्यंत पळालो.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्या ओट्यावर एकच ओळ होती. आदल्या दुपारी चारला गोविंदा जाऊन आलेला. साडेदहा इंच, साडेदहा इंच, शेवटपर्यंत. ओटा एका अंगाला किंचित कललेला. सहाव्यावर, त्याच्या दहा हातांवर, माझी आणि तिची पावलं शेजारीशेजारी.

गोविंदा बांधावर उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे, बिडी विझलेली होती.

“शेठ, सहावर कोन गेलेलं?”

“मी. म्हटलं थोडी मदत.”

“एकला?”

“एकटाच. दोन फेऱ्या मारल्या, म्हणून दोन ओळी.”

आयुष्यात इतकी गचाळ थाप मी कधी मारली नव्हती. माझा पाय अकरा इंचांचा आहे.

तो सहाव्या ओट्याच्या कडेने चालत कोपऱ्यापर्यंत गेला, उकिडवा बसला आणि टाचेच्या त्या दोन खड्ड्यांकडे बघत राहिला. त्यात रात्रीचं पाणी साचलं होतं. त्याने एक बोट बुडवलं, लगेच काढलं आणि धोतराला पुसलं. मग पाचव्यावर गेला, डावा हात धरला आणि तुडवायला लागला. मी केबिनमध्ये जाऊन खिडकीकडे पाठ करून बसलो. चप्, फळक्. मध्ये जागा. चप्, फळक्. मध्ये जागा.

८

मग मी माणसासारखा वागलो. त्याच दुपारी सहाव्या ओट्यावर गेलो, हात छातीच्या उंचीला धरला. खांदा आला. मी म्हटलं, “बाई, तुमचा माणूस पाचवर आहे. वाट बघतोय. चुकून इकडे आलात.” आणि हात काढून घेतला, ओट्यावरून उतरलो आणि मागे बघितलं नाही.

चारला गोविंदा तुडवायला गेला. मी पाठ करून ऐकलं. चार पाय होते. त्याने चार दिवस पुरते घेतले, तिच्याशी बोलला, काय बोलला ते मी ऐकलं नाही, आणि पाचव्या दिवशी स्वतःहून ओट्यावर कोरडी माती भुरभुरली. अमावास्येच्या आधी सगळे ओटे कडक झाले. उधाणाचं पाणी लाल झेंड्यांना शिवून परत गेलं. व्हेनेसा प्रत्येक ओट्यावर उड्या मारून बघत म्हणाली, “अंकल, तुमच्या आजोबांना थँक यू सांगा.”

गोविंदा हसत घरी गेला.

९

आता कबूल करतो. आठवा भाग मी रचला. उधाण खरं, व्हेनेसाच्या उड्या खऱ्या. बाकीचं रचलं.

सहाव्या ओट्यावर मी गेलो होतो. वाक्यही पाठ करून गेलो होतो, ‘बाई, तुमचा माणूस पाचवर आहे’. खांदा हाताखाली आला आणि थांबला, मी पाऊल टाकायची वाट बघत. तीन वर्षांत माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. ती लुर्दस नाही हे मला माहीत होतं, हाताला कळत होतं. वाक्य तोंडातच राहिलं. मी पाऊल टाकलं.

त्या दुपारी आम्ही अंधार पडायला लागेपर्यंत तुडवलं. दुसऱ्या दिवशी मी गोविंदाला सांगितलं, व्हेनेसा घाई करतेय, पाचवर आता पाणी मारू नका. तिने असं काही म्हटलं नव्हतं. सहाव्यावर मात्र मी स्वतः बादलीने पाणी मारत होतो. गोविंदा ते बघत होता. चार दिवस तो पाचव्याच्या कडेला बसून राहिला. त्याचा ओटा त्याच्यासमोर पांढरा पडत गेला, तडे गेले, ते त्याने कोरड्या मातीने भरले, कारण काम अर्धवट टाकायची त्याला सवय नव्हती.

पाचव्या दिवशी धनेश गाडी घेऊन आला. गोविंदाने पाय धुतले, चपला घातल्या आणि केबिनच्या दारात आला. मी शिव्या खायला तयार होतो. दोन-तीन थापाही जुळवून ठेवल्या होत्या. तो माझ्या पायांकडे बघत होता. पोटऱ्यांपर्यंत ओला चिखल.

“शेठ,” तो म्हणाला, “बरी हाय ना ती?”

मी म्हटलं, “बरी आहे.”

त्याने मान हलवली. गाडीचा दरवाजा उघडला, मग पुन्हा माझ्याकडे वळला.

“दमली तर तूच थांबव हां. ती सोताहून थांबत नाय.”